शेजारचं ताट

थोरली लेक पायातले बूट न काढताच आत आली, तेव्हाच माईंनी ओळखलं, आज ही भांडायला आली आहे. एरवी ती दारात वाकून बूट जुळवून ठेवणार, पायपुसण्यावर तळवे घासणार, मग ‘आहे का कुणी घरात’ म्हणून हाक घालणार. लाँड्रीवाली बाई, लोकांचे डाग काढण्यात अर्धा जन्म गेलेला, त्यामुळे फरशीवर पाऊल उमटलेलं तिला खपत नसे. आज मात्र ती जिना चढून तडक स्वयंपाकघरात आली, खांद्यावरची पिशवी टेबलावर टाकली आणि आईकडे न बघता भाचीला म्हणाली, “झालं समाधान?”

टिकटिक शेगडीपाशी उभी होती. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. खाली दुकानात, घड्याळांच्या भिंतीखाली, एका खोक्यात दुपटं घालून तिला झोपवायचे. तिथेच ती बोलायला लागली आणि जी लागली ती थांबलीच नाही, म्हणून आजोबांनी ठेवलेलं हे नाव. आजोबा गेले, ती कॉलेजात गेली, नाव तेवढं राहिलं. पण काल संध्याकाळपासून ती गप्प होती. पुढ्यातल्या कढईत सोयाचा खिमा होता, खालचा गॅस केव्हाच बंद केलेला, आणि ती उगाच उलथनं फिरवत होती.

“आत्या, बस तरी आधी.”

“बसायला नाही आले मी. आई, बोटं दाखव.”

माईंनी हात टेबलाखाली घेतले. “बोटं काय दाखवायची? दहा आहेत. मोजून ठेवलीत.”

“विनोद पुरे.”

सून भिजवलेले वाटाणे निवडत समोर बसली होती. टपाल कचेरीतली बाई, उठसूट बोलणाऱ्यातली नव्हे. तिने खुर्ची मागे सरकवून नणंदेला जागा करून दिली, पाण्याचा पेला पुढे ठेवला आणि पुन्हा वाटाण्यांकडे वळली.

झालं होतं ते असं. शुक्रवारी भर दुपारी दुकानात एक गृहस्थ बायकोचं जुनं चावीचं घड्याळ घेऊन आले. माईंनी ते उघडलं, भिंग डोळ्याला लावलं, बारीक पेचकस उचलला. पेचकस सटकला. हे काही नवीन नव्हे, घड्याळवाल्याचा पेचकस सटकतोच. माई काम करत राहिल्या. थोड्या वेळाने ते गृहस्थ घाबऱ्या आवाजात म्हणाले, “बाई, रक्त.” माईंनी खाली पाहिलं. पुढ्यातल्या पांढऱ्या कागदावर लाल डाग पसरत होता, आणि पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं ते हे, की शाई कुणी सांडली? डाव्या हाताच्या पहिल्या बोटात पेचकसाचं टोक शिरलं होतं, चांगलं खोल, आणि बोटाला त्याची खबरही नव्हती.

मुलाने, टिकटिकच्या बापाने, दुकानाचं शटर ओढलं आणि आईला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं. काल रिपोर्ट आला, तेव्हा घरातले सगळेच सोबत गेले होते. बी-ट्वेल्व्ह पार तळाला गेलेलं. नसांवर परिणाम झालाय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पुढचा प्रश्न त्यांनी विचारला तो, “जेवता काय तुम्ही?”

त्या प्रश्नावर मुलाची नजर कोपऱ्यात बसलेल्या टिकटिककडे गेली आणि लगेच परत आली. पापणी लवायलाही जास्त वेळ लागतो. पण आयुष्यभर सेकंदकाट्याकडे बघत आलेल्या बाईच्या डोळ्यांतून ती कशी सुटेल? माईंनी ती नजर पाहिली. पोरीनेही पाहिली. तेव्हापासून घर गप्प होतं.

“तीन वर्षं मी घसा फोडून सांगतेय,” थोरली म्हणाली, “हे झाडाचं मटण माणसाचं अन्न नाही. माझ्या फोनवर रोज येतंय. अमक्याचे केस गेले, तमकीची हाडं ठिसूळ झाली. तू तरुण आहेस, तुझं तू काय ते कर. गवत खा, पाला खा. म्हाताऱ्या बाईला कशाला ओढलंस?”

“मी ओढलं नाही. माई आपणहून—”

“आपणहून? जन्मात जिचं सकाळचं अंडं चुकलं नाही, ती आपणहून?”

“तिला पटलं म्हणून,” टिकटिक म्हणाली. मान ताठ होती. “मी तिला समजावलं, तिने ऐकून घेतलं, तिला पटलं. या घरात ऐकून घेणारी ती एकटीच होती.”

माईंनी खिडकीकडे पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं.

पटलं. हा शब्द पोर किती प्रेमाने म्हणायची. मैत्रिणींना सांगायची, माझी आजीसुद्धा. आणि तेव्हा तिचा चेहरा असा उजळायचा, की माईंनी कधी तिला दुरुस्त केलं नाही. खरी गोष्ट फार लहान होती. पोरीने मांस सोडलं, अंडी सोडली, दूध-दही-मध सगळं सोडलं, तेव्हा जेवणाच्या टेबलावर रोज तिची थट्टा व्हायची. बाप विचारायचा, गाजराला लागत नाही का गं चिरताना? माईही हसायच्या त्यात. आणि एके दिवशी पोर आपलं ताट उचलून खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी माई बोळातून जात होत्या आणि बंद दारामागून चमच्याचा आवाज आला. एका चमच्याचा, एका ताटावर. ज्या घरात भिंतभर घड्याळं एकमेकांशी बोलत असतात, त्या घरात तो आवाज इतका एकटा होता, की माईंना पुढे पाऊल टाकवेना. त्यांनी स्वयंपाकघरातून रिकामं ताट आणलं, दार वाजवलं आणि म्हणाल्या, “तुझ्यातलं थोडं मला वाढ.”

एवढंच. पटवून घ्यायला त्या गेल्याच नव्हत्या.

जिन्यावर पावलं वाजली. मुलगा खालून आला. रविवार असला तरी तो सकाळी दुकानात जाऊन बसायचा, शटर अर्धं खाली ठेवून. दारातच बहिणीचे बूट त्याच्या नजरेला पडले. पायांत होते म्हणून जास्तच.

“आलीस ताई.”

“आले. तूही बाप आहेस ना हिचा? तोंडाला कुलूप लावून बसलायस.”

“आधी जेवू. मग बोलू.”

“काय जेवू? हे?” तिने कढईकडे हात केला. “यानेच तर आईचे हात नेले.”

टिकटिकच्या हातातलं उलथनं कढईच्या काठावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

तेव्हा सून बोलली. वाटाण्यांवरून नजर न उचलता, एखादं पाकीट चुकीच्या खणात पडलेलं दिसावं तसं. “मला एक कळत नाहीये. सुरुवातीला टिकटिकने ते तयार पाकिटातलं आणलं होतं ना, खिमा आणि ते खोक्यातलं दूध, तेव्हा मी विचारलं होतं तिला, यात ताकद असते का. तर ती म्हणाली होती, कंपनीवाले बी-ट्वेल्व्ह वरून घालतात, वेगळी गोळी नको. मग ते कुठे गेलं?”

“असतंच त्यात,” टिकटिक म्हणाली. “छापलेलं असतं पाकिटावर. पण आपण पाकिटं—”

आणि ती थांबली.

माईंनी तिच्याकडे पाहिलं. पोरीचा चेहरा असा रिकामा होत गेला, जसं भांडं कलंडावं आणि पाणी निघून जावं.

“पाकिटं बंद केली आपण,” ती हळूच म्हणाली. “दीड-दोन वर्षं झाली. आत्याने सांगितलं म्हणून.”

“मी?” थोरली म्हणाली.

“तू म्हणालीस, यात मीठ किती आहे बघ, माईला ब्लडप्रेशर आहे. रसायनांची नावं वाचून दाखवलीस एकेक. मी पण वाचलं. मीठ खरंच खूप होतं. म्हणून मी ठरवलं, घरीच करायचं सगळं. सोया मी भिजवते, दूध मी काढते, खिमा मी करते.” तिने दोन्ही हात पुढे धरले. “या हातांनी करत होते, आत्या. बिनमिठाचं, ताजं. आणि पाकिटाबरोबर त्यातलं ते पण घरातून गेलं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी कॉलेजात रक्त तपासलं तेव्हा मला गोळ्या दिल्या होत्या, मी त्या घेत होते. मी घेत होते आणि माईला...”



थोरली खुर्चीत बसली. इतका वेळ उभी होती ती पहिल्यांदा बसली.  जो दोष भाचीच्या अंगावर टाकायला ती आली होती, त्याचं एक टोक तिच्याच हातात होतं, आणि ती बाई हट्टी असली तरी खोटी नव्हती. वाकून ती बूट काढू लागली. एक निघाला. दुसऱ्याची गाठ सुटेना.

“मिठाचं मी चुकीचं नव्हते सांगत,” ती खाली वाकूनच म्हणाली.

“नव्हतीस गं,” माई म्हणाल्या.

“मी आजपासून स्वयंपाक नाही करणार,” टिकटिक म्हणाली. “तिला तुम्ही हवं ते द्या. मांस द्या, अंडी द्या, मी मध्ये येणार नाही. आणि मी इथे राहणार पण नाही. मैत्रिणीच्या खोलीत एक जागा आहे.”

“कुठे जाऊ नकोस तू,” माई म्हणाल्या. “उगाच राईचा पर्वत करू नका सगळ्यांनी मिळून. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? लवकर लक्षात आलंय, सुया घेतल्या की हळूहळू येईल परत. दोन महिने तर झालेत बधिर व्हायला लागून. दोन महिन्यांत काय जग बुडतं?”

काल डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, कधीपासून? तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं होतं. दोनेक महिने. इतक्या सहज सांगितलं, की त्यांचा त्यांनाच विश्वास बसला होता.

“दोन महिने नाहीत,” मुलगा म्हणाला.

तो अजून दारातच उभा होता, चौकटीला खांदा लावून. आवाज चढवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. बारीक कामाची माणसं श्वासही जपून सोडतात.

“तुला काय माहीत?” माई म्हणाल्या.

“मला माहीत आहे. गेल्या हिवाळ्याच्याही आधीपासून. आधी तू स्क्रू पाडायला लागलीस. मला वाटलं, उजेड कमी पडतोय. मी दिवा बदलला.”

“दिवा चांगला आहे.”

“मग मला वाटलं भिंग जुनं झालं. नवं आणलं. मग स्टूल उंच केलं. मग चिमटे बदलले, पकडायला रुंद आणले. टेबलाखाली फळी ठोकली, खाली पडलेलं त्यात पडावं म्हणून.” तो थांबला. “घड्याळ बंद पडलं की आपण आधी धूळ बघतो, मग तेल बघतो. मी तेच करत राहिलो. टेबल दुरुस्त करत बसलो, आई. टेबलाला काय झालं होतं?”

थोरलीने दुसऱ्या बुटाची गाठ तशीच राहू दिली.

“पण काम तर माझं नीट होत होतं,” माई म्हणाल्या. “एकही घड्याळ परत आलं नाही.”

मुलगा चौकटीवरचा रंग नखाने खरवडू लागला.

आणि माईंना कळलं. सकाळी शटर अर्धं खाली ठेवून तो काय करत बसायचा, ते कळलं. रविवारी काय, इतर दिवशीही, दुकान उघडायच्या आधी. त्यांना वाटायचं, एकांत आवडतो पोराला, बापासारखा आहे.

“माझी कामं तू परत करायचास?”

“परत नाही. तपासायचो.”

“खरं सांग.”

“करायचो,” तो म्हणाला. “सगळी नाही. बारीक होती ती.”

माईंनी टेबलाखालचे हात वर घेतले आणि टेबलावर ठेवले. जखमेच्या बोटाला पट्टी होती. या हातांना सासऱ्यांनी शिकवलं होतं, ज्या काळात सुनेने दुकानात बसायचं नसे त्या काळात. डोळे मिटून चाकं ओळखायला लावायचे. हे मोठं चाक, हे धाकटं. ही केसाएवढी स्प्रिंग, हिला श्वासानेही दुखतं. बोटाला डोळे हवेत, ते म्हणायचे, डोळ्यांना बोटं नसली तरी चालेल. त्या बोटांचे डोळे एकेक करून मिटत गेले होते, दिवे मालवत कुणी घरभर फिरावं तसे. माईंना ते कळलं होतं. सुई टोचली की दुखत नाही, नाणं खिशात सापडत नाही, गुंडी लागत नाही. सगळं कळलं होतं आणि त्या गप्प राहिल्या होत्या. कारण बोललं असतं, तर पहिला प्रश्न तोच आला असता. जेवता काय? मग सगळ्यांची मान एकीकडे वळली असती, आणि बोळातलं ते दार पुन्हा लागलं असतं.

“गिऱ्हाईकं माझ्या हाताचं कौतुक करायची,” त्या म्हणाल्या. “ते सगळं तुझं होतं तर.”

“तुझंच होतं. मला कुणी शिकवलं?”

माईंना यावर हसू आलं की रडू, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी हात फिरवून पंजे उलटे केले, पुन्हा सुलटे केले.

“फोन लाव तिला,” त्या म्हणाल्या.

“कुणाला?”

“डॉक्टरीणबाईला. रविवार असला तरी लाव. मी खोटं सांगितलंय, ते निस्तरायला हवं.”

मुलाने फोन लावून टेबलाच्या मधोमध ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडे लहान मुलांचा गलका होता, मग एक दार लागलं आणि शांत झालं. माईंनी सांगितलं. वर्षाहून जास्त झालं. आधी बोटांची टोकं, मग पूर्ण बोटं.

“आणि पाय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

माईंनी पावलं खुर्चीखाली ओढून घेतली.

“माई, पाय?”

“फरशी कापसासारखी लागते. अंधारात भिंत धरून चालते.”

सुनेने हातातला वाटाणा खाली ठेवला. थोरलीने तोंडावर हात घेतला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, मग आठवड्याला एक सुई पुरणार नाही, एक दिवसाआड घ्यायची, उद्या सकाळपासून, आणि मी तुम्हाला चालवून बघणार. किती परत येईल? काही येईल नक्की. सगळं येईलच असं मी म्हणणार नाही. उशीर झालाय, पण अजून वाट बंद झालेली नाही.

“डॉक्टर,” टिकटिक पुढे वाकून म्हणाली, “खिम्याने झालं का हे? मी करते त्या?”

“खिम्याने काही केलं नाही गं. त्यात जे नव्हतं, त्याने केलं. आणि आजी पित्ताच्या गोळ्या किती वर्षं घेतायत, त्याचाही हात आहे. या वयात पोट हे फार शोषून घेत नाही. मांस खाणाऱ्या म्हाताऱ्यांनाही होतं हे. मीठ कमी केलंत ते मात्र चांगलं केलंत, त्यांचं प्रेशर बघा किती सुधारलंय.”

थोरलीने नाक ओढलं आणि छताकडे पाहिलं.

“मग आता तिने मांस, अंडी खायला हवीत?” मुलाने विचारलं.

“हवी असतील तर खाऊ दे. नको असतील तर नको. काहीही खाल्लं तरी सुया चुकणार नाहीत आणि नंतर गोळी जन्मभर चुकणार नाही. ती चुकली तर माझ्याशी गाठ आहे.”

फोन बंद झाला. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला.

टिकटिक टेबलाला वळसा घालून आली आणि माईंच्या खुर्चीपाशी खाली बसली. कालपासून पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत थोडा उजेड होता. “म्हणजे माई, सोडायला नको काही. सुया घे, गोळी मी स्वतः देईन रोज, समोर उभी राहून. आपण दोघी आहोत तसंच—”

माईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस लागले नाहीत हाताला. नुसतं वजन लागलं, ऊब लागली. आता हो म्हणणं किती सोपं होतं. डॉक्टरने वाट मोकळी करून दिली होती. पोर खूश, लेक गप्प, सगळं सावरल्यासारखं. अशीच एक सोपी गोष्ट, गप्प राहण्याची, त्या वर्षभर करत आल्या होत्या.

“टिकटिक,” त्या म्हणाल्या, “मला अंड्याची आठवण येते.”

“काय?”

“रोज येते. सकाळी उठलं की पहिली तीच येते. तुझे आजोबा गेले त्यांची नंतर येते.”

सून फिसकन हसली आणि तिने लगेच ओठ चावले.

“पण तुला पटलं होतं ना?” पोर म्हणाली. “मी त्या कोंबड्यांचं सांगितलं होतं, वासरांचं सांगितलं होतं, तू रडली होतीस.”

“रडले होते. काही पटलं, काही नाही. आमच्या वयात सगळंच अर्धं अर्धं पटतं. पण मी ताट घेऊन तुझ्याकडे आले ना, ती कोंबड्यांसाठी नाही आले गं राणी. तू दार लावून जेवत होतीस. ते मला पटलं नव्हतं.”

टिकटिक बघत राहिली. तिच्या कपाळावर एक आठी आली, गेली, पुन्हा आली. मनातल्या मनात ती तीन वर्षं मागे जाऊन सगळी जेवणं पुन्हा बघत होती. एकेक ताट, एकेक घास, मांडीला मांडी लावून बसलेली ही बाई, जिला सोयाचा खिमा ‘बरा लागतो’ असं म्हणताना पाण्याचा घोट घ्यावा लागायचा.

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू परत दार लावून घेशील म्हणून.”

“मी?” पोर म्हणाली. “एका अंड्यासाठी?”

“मला काय माहीत? तुमचे नियम कडक.”

यावर ती हसली, आणि हसतानाच डोळे वाहू लागले, आणि तिने डोकं माईंच्या गुडघ्यावर टेकवलं. मुलगा चौकट सोडून आत आला आणि काही न सुचून पेल्यांत पाणी ओतू लागला, भरलेल्या पेल्यांतही.

“मी नाही खाणार पण,” ती गुडघ्यातूनच म्हणाली. “तुझ्यासाठीसुद्धा नाही.”

“नको खाऊस. मी सांगितलं का?”

“आणि दूध मी घरचंच करणार. पण त्या पाकिटवाल्यांसारखं त्यात बी-ट्वेल्व्ह घालता येतं का बघते.”

“ते मला पण सांग,” थोरली म्हणाली. दुसरा बूट तिने आता काढला होता आणि दोन्ही हातात धरून बसली होती, कुठे ठेवावे ते न कळल्यासारखी. “म्हणजे, मी वाचून बघेन. नीट. फोनवर नाही.”

“आत्या, तू घसा फोडून सांगत होतीस ते चुकीचं नव्हतं सगळं.”

“सगळं बरोबर पण नव्हतं. केस कुणाचे गेले नाहीत मी पाहिलेल्यात.” ती उठली, बूट दाराशी ठेवून आली, हात धुतले. मग फ्रिजचा दरवाजा उघडून वरच्या कप्प्यातून भाऊ-भावजयीच्या अंड्यांतलं एक उचललं, आणि भाचीकडे पाहत थांबली. “उकडू?”

टिकटिकने मान डोलावली.

पाणी उकळेपर्यंत सुनेने ताटं मांडली. खिमा पुन्हा गरम केला. थोरलीने, कुणी विचारलं नसताना, आपल्याही ताटात चमचाभर घेतला, चाखला आणि मीठ नाही यात, म्हणाली; आणि सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने दुसरा चमचा निमूट तोंडात घातला.

अंडं माईंच्या ताटात आलं. त्यांनी ते टेबलावर टिचवलं. टरफलाला तडा गेला आणि त्या सोलायला लागल्या. अंगठ्याखाली टरफल आहे की पांढरं, हे कळेना. त्या नुसत्या डोळ्यांनी सोलत होत्या, आणि डोळ्यांनी अंडं सोलता येत नाही. एक कपची निघाली ती पांढऱ्याचा लचका घेऊन निघाली. दुसरी निघेना. उकडलेलं अंडं घसरून ताटात पडलं. माईंनी उचललं. पुन्हा घसरलं.  जो तो आपल्या ताटात बघत होता, आणि कुणीच आपलं ताट बघत नव्हतं. मुलाने अर्धा हात पुढे केला. थोरली खुर्चीतून उठू लागली.

टिकटिकने ताटातून ते अंडं उचललं.

तीन वर्षांत तिने अंड्याला हात लावला नव्हता. फ्रिजचा तो कप्पा ती उघडतही नसे. आता तिने ते डाव्या तळहातावर घेतलं, तडा गेलेल्या जागी नख घातलं, आणि टरफलाखालचा पातळ पापुद्रा आधी सोडवला, मग टरफल, हलक्या हाताने, गोल गोल फिरवत. घड्याळवाल्यांची पोर ती. बोटं उपजत शहाणी. एकही लचका न निघता राहिलेलं सगळं अंडं मोकळं झालं. तिने ते पेल्यातल्या पाण्याने धुतलं, माईंच्या ताटात ठेवलं, बोटांचा वास घेतला, नाक मुरडलं आणि हात पुसले.

मग तिने आपली खुर्ची ओढून माईंच्या खुर्चीला टेकवली आणि आपलं ताट त्यांच्या ताटाशेजारी सरकवलं.

माई अंड्याकडे बघत राहिल्या.

“खा ना,” टिकटिक म्हणाली. “मी तिकडे तोंड करते.”

“कशाला? इकडेच बघ,” माई म्हणाल्या. “तुझं गार होतंय. जेव.”